स्वेटर काढताना उडणारी ठिणगी आणि कडीची बादली

नागपूरच्या एका पालकांचा प्रश्न आहे. थंडीत रात्री दिवा मालवून स्वेटर काढला की चटचट आवाज येतो, बारीक ठिणग्याही दिसतात. त्यांची मुलगी अकरावीत आहे. तिने कुठेतरी वाचलं की या ठिणगीमागे दहा हजार व्होल्टसुद्धा असू शकतात. मग घरातल्या 230 व्होल्टला माणूस दगावतो आणि दहा हजारांना नुसता दचकतो, हे कसं? आणि शाळेत शिकवतात की घासल्याने प्रभार (चार्ज) 'निर्माण' होतो, तर तो येतो तरी कुठून?

वेफर्स-बिस्किटांच्या पुड्यांची प्लास्टिक फिल्म छापणाऱ्या कारखान्यांत माझी तीस वर्षं गेली. तिथे या विषयाला कुणी 'स्थितिक विद्युत' म्हणत नाही. 'साहेब, मशीनवर स्टॅटिक येतंय' एवढंच म्हणतात आणि म्हणणाऱ्याच्या दंडावरचे केस उभे असतात. तेव्हा उत्तर देताना थोडं पुस्तकातलं सांगेन, बरंचसं मशीनवरचं.

आधी 'निर्माण' या शब्दाबद्दल. प्रभार निर्माण होत नाही, कधीच नाही. स्वेटरमध्ये, तुमच्यात, खुर्चीत, दगडात तो आधीपासून ठासून भरलेला असतो. अणूच्या केंद्रात धन, भोवती ऋण, आणि दोन्ही तंतोतंत सारखे, म्हणून बाहेरून काहीच जाणवत नाही. तुमच्या शरीरातले इलेक्ट्रॉन मोजले तर साधारण 2 वर 28 शून्यं इतके भरतील. दहा हजार व्होल्टचा झटका बसतो तेव्हा त्यातले किती इकडचे तिकडे झालेले असतात? सुमारे नऊ लाख कोटी. आकडा ऐकायला अवाढव्य, पण एकूण साठ्याशी ताडून पाहिला तर धरणातल्या थेंबाएवढाच. निसर्गातला हा हिशेब इतका काटेकोर आहे की किंचित तोल ढळला तरी ठिणगी उडते.

तो किती काटेकोर, याची मुलीला एक मोजणी करायला सांगा. प्रत्येकी एक कूलोम (हे प्रभार मोजायचं एकक) प्रभाराचे दोन गोळे एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर कूलोमच्या 1785 च्या नियमाप्रमाणे त्यांच्यातलं बल 9 अब्ज न्यूटन येतं. म्हणजे नऊ लाख टनांचं वजन. एक कूलोम प्रभार एका जागी जमवून ठेवणं का शक्य नाही, ते यातून कळतं. आणि आपल्या बल्बच्या तारेतून तर एवढा प्रभार काही सेकंदांत वाहून जातो! फरक एवढाच की तारेत तो नुसता सरकत असतो, धन-ऋणाचा तोल तिथे कुठेच बिघडलेला नसतो.

आता घासण्याकडे वळू. मला या विषयात एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी ही सांगेन: घासण्याकडे फार बघू नका, सुटण्याकडे बघा. दोन वेगळे पदार्थ नुसते टेकले तरी पुरतं. टेकल्या जागी एकाकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. घासल्याने एवढंच होतं की खरोखर टेकणारी जागा वाढते, कारण डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही जवळून पाहिले तर सह्याद्रीसारखे डोंगर-दऱ्यांचे असतात. प्लास्टिकसारख्या पदार्थांत नेमके इलेक्ट्रॉनच जातात, की आयन (प्रभारित अणू-रेणू), की पदार्थाचे सूक्ष्म कणही सोबत जातात, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि मुळाशी अजून एकमत नाही. मला या विषयाचं आकर्षण वाटतं ते यामुळेच.

त्या ग्रीकांच्या हाती घासायला होता तो अंबर, म्हणजे झाडाच्या राळेचा खडा झालेला. ग्रीक भाषेत तो 'इलेक्ट्रॉन'. आपल्याकडे संस्कृतात त्याला नाव आहे तृणमणी, गवताच्या काड्या ओढणारा मणी. फारसीत 'काहरुबा' म्हणजे काडी पळवणारा, आणि त्यावरूनच अरबीत आजही विजेला 'कहरबा' म्हणतात. संस्कृत आणि फारसी, दोन्ही भाषांनी एकच प्रयोग पाहून नाव ठेवलं. मात्र तृणमणीपुरता हा गुण नाही, काच, गंधक असे कितीतरी पदार्थ तसेच वागतात, हे विल्यम गिल्बर्टने 1600 मध्ये दाखवलं. प्रभार दोन जातींचा असतो हे 1733 मध्ये फ्रान्समध्ये द्यु फे याने ओळखलं. पुढे फ्रँकलिनने काचेच्या प्रभाराला धन म्हटलं आणि राळेच्या प्रभाराला ऋण. ती निव्वळ अटकळ होती. दीडशे वर्षांनी, 1897 मध्ये, इलेक्ट्रॉन सापडला तो नेमका ऋण निघाला, आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीतली मुलं 'विद्युतधारा एका दिशेने आणि इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने का' म्हणून डोकं खाजवत आहेत.

सुटण्याकडे परत येतो. तुम्ही फोमच्या खुर्चीत बसलात. कपडे आणि सीट टेकले, प्रभाराची देवाणघेवाण झाली. पण धन आणि ऋण अगदी पाठीला पाठ लावून बसलेत, एकमेकांना झाकतात, बाहेर पत्ता लागत नाही. तुम्ही उठलात की दोघांची ताटातूट होते. एकमेकांना ओढणारे प्रभार दूर नेण्यासाठी जे काम करावं लागतं ते तुमच्या मांड्यांचे स्नायू करतात, आणि तीच ऊर्जा व्होल्टेज म्हणून तुमच्या अंगावर चढते. प्रभार तेवढाच राहतो, धारिता (प्रभार साठवायची क्षमता) घटते, आणि व्होल्टेज म्हणजे प्रभार भागिले धारिता, म्हणून ते भराभर वाढतं. बसलेल्या माणसाच्या अंगावर जिथे नावापुरतं काही सापडेल, तिथे उठता क्षणी कित्येक हजार व्होल्ट सापडतात.

आमच्या मशीनवर हे रोज दिसायचं. फिल्म लोखंडी रोलरला टेकलेली असताना हातातल्या फील्ड मीटरवर जवळजवळ काहीच दिसत नाही. तीच फिल्म रोलर सोडून फूटभर पुढे हवेत आली की वीस हजार व्होल्ट! या फरकामुळे मी किती ठिकाणी भांडलो असेन. स्टॅटिक घालवायचा बार लोक बसवायचे तो नेमका रोलरच्या डोक्यावर, कारण तिथे ब्रॅकेट बसवायला सोपं. तिथे बार बसवणं म्हणजे पाहुणे यायच्या आधीच दारातून परत फिरणं. तो बसवायचा मोकळ्या फिल्मवर, दोन रोलरच्या मधे. बार चार इंच सरकवला आणि 'बार खराब आहे' ही तक्रार संपली, असं मी डझनभर वेळा पाहिलं आहे.

चिकटपट्टी उलगडताना अंधारात निळसर उजेड दिसतो, तोही सुटण्याचाच. 2008 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी निर्वात पेटीत साधी चिकटपट्टी उलगडून चक्क क्ष-किरण मिळवले आणि त्यांनी बोटाच्या हाडाचं चित्रही काढलं. घरी घाबरायचं कारण नाही, हवेत ते होत नाही.

आता व्होल्टचं कोडं. माणसाचं शरीर म्हणजे सुमारे 150 पिकोफॅरड धारितेचा कपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवणारं साधन, धरा. दहा हजार व्होल्टला त्यात दीड मायक्रोकूलोम प्रभार मावतो, आणि ऊर्जा भरते साडेसात मिलिज्यूल. टपोरा, ग्रॅमभराचा शेंगदाणा जमिनीवरून टेबलावर ठेवायला लागते तेवढी. गंमत म्हणजे त्या क्षणी बोटातून जाणारा प्रवाह कमी नसतो, पाच-सहा अँपिअरसुद्धा होतो. पण तो टिकतो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी काळ. हंड्यातलं पाणी खूप उंचावरून एकदम ओतलं तरी हंडा रिकामा झाला की संपलं. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमागे मात्र अख्खं कोयना किंवा कोराडी वीजकेंद्र उभं आहे. तिथून तीस मिलिअँपिअर जरी छातीतून सेकंदभर वाहत राहिले तरी जिवावर बेतू शकतं. म्हणूनच घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की सप्लाय तोडणारा स्विच, तीस मिलिअँपिअरला उडेल असा बनवतात. तेव्हा नुसता व्होल्टचा आकडा काही सांगत नाही. मागे किती साठा आहे आणि तो किती वेळ वाहणार, हे विचारायला हवं. उलटही लक्षात घ्या: तीनेक हजार व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला कळतसुद्धा नाही, पण मोबाइल-कॉम्प्युटरमधल्या चिपला शंभर व्होल्टही भारी पडू शकतात. म्हणून सर्किट जोडणाऱ्या मुली मनगटाला अर्थिंगला जोडलेला पट्टा बांधतात. त्या पट्ट्याच्या तारेत मुद्दाम दहा लाख ओहमचा रोध घातलेला असतो. प्रभार उतरायला तो रोध काही आड येत नाही, आणि चुकून सप्लायला हात लागलाच तर पाव मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जात नाही.

थंडीचं काय? थंडीशी याचा थेट संबंध नाही, संबंध कोरडेपणाशी. दमट हवा वीज वाहून नेते म्हणून स्टॅटिक जातं, असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. दमट हवाही चांगली विसंवाहकच असते. होतं असं की हवेतली वाफ प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य, काही रेणूंच्या जाडीचा थर चढवते, आणि त्या थरातून प्रभार हळूहळू ओघळून जातो. मुंबईत आणि कोकणात हा थर सहसा शाबूत असतो, म्हणून तिथल्या लोकांना हा प्रश्नच पडत नाही. पूर्वी कापड गिरण्यांतही हवेत मुद्दाम पाण्याचे तुषार सोडायचे. सूत तुटू नये हे पहिलं कारण, धागे एकमेकांपासून फाकू नयेत हे दुसरं. आमच्या पुण्याकडच्या कारखान्यांत सर्वांत त्रास डिसेंबरात नव्हे तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दुपारी व्हायचा. घरी तेव्हा कुणाला जाणवत नाही, कारण एप्रिलात स्वेटर घालतो कोण! कॅनडात गेलेली आपली मुलं दाराच्या मुठीला हात लावायला घाबरतात त्याचंही कारण हेच. बाहेरची उणे पाचची हवा आत घेऊन 21 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर येते.

स्वेटरवरचा उपाय यातूनच निघतो. आतून सुती बनियन घाला, कारण सूत पाणी धरून ठेवतं. धुताना शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घाला. त्यातली रसायनं धाग्यावर बसून ओलावा ओढतात.

आता त्या बादलीकडे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे, कारखान्याचं नाव सांगत नाही. शाई पातळ करायला टोल्युइन हे सहज पेट घेणारं रसायन लागतं. ड्रमच्या नळाखाली एक कामगार प्लास्टिकची बादली धरून ते काढत होता. लोखंडी बादल्या असताना प्लास्टिकची का, तर 'प्लास्टिकमधून करंट जात नाही, ते सेफ' असं त्याला सुपरवायझरने सांगितलेलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पटलं असतं. बादली भरली. त्याने कडी धरायला हात पुढे केला. कडी तारेची, लोखंडाची. भप्प! भुवया गेल्या, हाताची सालटी निघाली. शेजारच्याने बादली लाथेने उलटवली नाही आणि आग विझवायच्या पावडरचा (डीसीपी) सिलिंडर जवळच होता, म्हणून निभावलं.

काय झालं होतं? टोल्युइन नळातून वाहताना आणि बादलीत पडताना प्रभारित होतं, आणि ते इतकं विसंवाहक आहे की तो प्रभार लवकर उतरत नाही. भोवती प्लास्टिक, तेव्हा जायला वाटही नाही. त्याच्या शेजारी लोखंडी कडी अधांतरी. प्रभारित द्रवाच्या सान्निध्याने कडीतले इलेक्ट्रॉन एका टोकाला ढकलले गेले. यालाच पुस्तकात प्रवर्तन म्हणतात. मग बोट जवळ येताच कडीवरचा सगळा प्रभार एका उडीत बोटात. प्लास्टिकवरचा प्रभार जागच्या जागी चिकटून असतो, बोट लावलं तर त्या टिचभर जागेपुरताच निघतो. धातूवरचा मात्र सगळाच्या सगळा एकाच ठिणगीत रिकामा होतो. म्हणून आमच्या धंद्यात अर्थिंग नसलेल्या लोखंडाचा धाक प्लास्टिकपेक्षा मोठा. टोल्युइनची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलही पुरते. वरच्या शेंगदाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर तुमच्या-माझ्या अंगावरच्या एका झटक्यात त्याच्या तीसपट ऊर्जा असते.

त्या दिवसानंतर आमच्याकडे धातूची बादली, ड्रम आणि बादली तारेने जोडलेले, आणि ड्रम अर्थिंगला, असा नियम झाला. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं गेलं 'घर्षण'. मी तेव्हा नवा होतो, गप्प बसलो.

पेट्रोलचंही तेच. डेपोत टँकर भरताना आधी अर्थिंगचा क्लॅम्प लावतात, आणि पाइपचं तोंड पेट्रोलात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या वर जाऊ देत नाहीत. टँकरच्या मागे लोंबणारी साखळी तुम्ही पाहिली असेल. कोरड्या डांबरावर तिचा भरवसा धरण्यासारखा नाही, खरं काम क्लॅम्पच करतो. गाडीतून उतरताना झटका बसत असेल तर सीटवरून उठायच्या आधीच दाराची धातूची चौकट धरा आणि धरूनच उतरा. सुटताना प्रभार साचतच नाही. परदेशात स्वतः पेट्रोल भरणाऱ्यांनी नळी लावून पुन्हा गाडीत जाऊन बसू नये. उठून परत नळीला हात लावताना आगी लागलेल्या आहेत.

आकाशातली वीज हीच का, असं मुलगी विचारणार. हीच. ढगात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, प्रभाराची अदलाबदल होते. मग वर चढणारी हवा हलके स्फटिक वर नेते, जड गारा खाली राहतात. खुर्चीतून उठणं आहे, फक्त काही किलोमीटर उंचीचं.

स्टॅटिक नुसतं त्रासाचं असतं असंही नाही. भोसरीच्या कुठल्याही पावडर कोटिंगच्या शेडमध्ये जा. रंगाच्या कोरड्या पावडरीला गनमध्ये साठ-ऐंशी हजार व्होल्टने प्रभार देतात आणि अर्थिंग केलेल्या जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, ती आपोआप जाऊन चिकटते, मागच्या बाजूलासुद्धा. पोरं तक्रार करतात, 'पावडर बसत नाही'. दहापैकी आठ वेळा दोष जॉब टांगायच्या हुकचा. हुकवर जुन्या रंगाचे थर चढलेले, त्यामुळे जॉबला अर्थिंगच मिळत नाही. हुक खरवडा, पावडर बसते.

मुलीला एक प्रयोग द्या. फुगा आणि कागदाचे कपटे नकोत. कपटे फुग्याकडे ओढले जातात ते प्रवर्तनाने, त्यांच्यावर मुळात निव्वळ प्रभार नसतोच, आणि पोरं समजतात की दोन्ही प्रभारित आहेत. आकर्षण पुरावा म्हणून कच्चं असतं, प्रतिकर्षणच पक्कं. साध्या चिकटपट्टीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा आणि झटक्यात ओढून काढा. जवळ धरले की ते एकमेकांपासून दूर पळतील. आता दोन नवे तुकडे एकावर एक चिकटवा, जोडीवर एकदा हळूच बोट फिरवून आधीचा प्रभार घालवा, आणि मग दोघांना एकमेकांपासून ओढून सोडवा. हे दोघे एकमेकांना बिलगतील. एकाला धन मिळालं, दुसऱ्याला ऋण, आणि बेरीज शून्यच. कोणता कोणता ते ओळखायला केसांतून फिरवलेला प्लास्टिकचा कंगवा जवळ आणा. कंगवा बहुधा ऋण असतो, तेव्हा त्याच्यापासून जो दूर पळेल तो ऋण.

हे सगळं कोरड्या दुपारी, पंखा बंद करून करायचं. जुलैत करायला गेलात तर पट्ट्या नुसत्या लोंबत राहतील आणि पोरगी म्हणेल, काकांनी थापा मारल्या.